फ्री जाझच्या तबकड्या: गोव्यात आणखी कोणी जमवतं का?

मांडवीकाठ

इथे नाट्यगीतांच्या तबकड्यांवर धागे आहेत, जुन्या हिंदी गाण्यांच्या एलपींवर आहेत, कॅसेट प्लेअरच्या रबरी पट्ट्यांवरसुद्धा एक आहे. फ्री जाझवर मात्र शोधून काही सापडलं नाही, म्हणून हा उपद्व्याप.

जाझ म्हटलं की ज्यांना कळंगुटच्या शॅकमधला संध्याकाळचा गुळगुळीत सॅक्सोफोन आठवतो, त्यांना आधीच सांगतो: हे ते नव्हे. ठरलेली चाल, ठरलेली स्वरसंगती, ठरलेली लय यातलं एकेक किंवा सगळंच या लोकांनी सोडून दिलं. ऑर्नेट कोलमन, सेसिल टेलर, अल्बर्ट आयलर, शेवटच्या दोन वर्षांतला जॉन कोल्ट्रेन, सन रा, शिकागोची एएसीएम (तिथल्या कृष्णवर्णीय वादकांची संस्था) मंडळी, आणि युरोपातले पीटर ब्रॉट्झमन, डेरेक बेली, हान बेनिंक वगैरे. ढोबळमानाने १९६० ते १९७५.

हे सगळं आता फोनवर फुकट ऐकता येतं. मग तबकड्या कशाला? 'तुला जागा अडवायची हौस,' असं घरच्यांचं स्पष्ट मत आहे. माझं म्हणणं असं की या संगीतातला बराच ऐवज तबकडी या वस्तूतच आहे. आणि ती वस्तू वाजवण्यासाठी घ्यायची, काचेच्या कपाटात मिरवण्यासाठी नाही. गोव्यात तर मिरवायला ठेवलेली तबकडी चार पावसाळ्यांत बुरशीच्या हवाली होते.

उदाहरणच देतो. कोलमनची 'फ्री जाझ' २१ डिसेंबर १९६० रोजी न्यूयॉर्कला ध्वनिमुद्रित झाली. गोवा मुक्त व्हायला अजून वर्ष होतं. आठ वादक, दोन चौकड्या. डाव्या स्पीकरमध्ये कोलमन, डॉन चेरीचा छोटा पॉकेट ट्रंपेट, बासवर स्कॉट लाफारो आणि ड्रमवर बिली हिगिन्स. उजवीकडे एरिक डॉल्फीची बास क्लॅरिनेट, ट्रंपेटवर फ्रेडी हबर्ड, बासवर चार्ली हेडन, ड्रमवर एड ब्लॅकवेल. सदतीस मिनिटांचा एकच तुकडा. माझ्या जुन्या अॅम्प्लिफायरला बॅलन्सची खुंटी आहे. ती डावीकडे टोकाला फिरवली की डॉल्फीची चौकडी जवळजवळ गप्प होते, लांबून नुसती कुजबुज येते, कारण सगळे एकाच खोलीत वाजवत होते. खुंटी उजवीकडे नेली की हेडन आणि ब्लॅकवेल किती शांतपणे घर सांभाळतायत ते कळतं. मग मधोमध आणायची आणि दोन्हींमध्ये बसायचं. फोनच्या एका इवल्या स्पीकरवर या आठ जणांचा नुसता चिवडा होतो.

शिवाय सदतीस मिनिटं एका बाजूवर मावत नाहीत. तुकडा मध्येच तोडलाय, उठून तबकडी उलटावी लागते. काहींना हा रसभंग वाटतो. मला त्या अर्ध्या मिनिटाच्या शांततेची गरज असते.

दुसरं उदाहरण कोल्ट्रेनची 'असेन्शन'. २८ जून १९६५, अकरा वादक. त्या दिवशी हा तुकडा दोनदा वाजवला गेला. इम्पल्स कंपनीने १९६६ मध्ये एक आवृत्ती बाजारात आणली. कोल्ट्रेनला दुसरी हवी होती. कंपनीने मुकाट्याने तबकडी बदलली, पण कव्हर तेच, क्रमांकही तोच. फरक फक्त लेबलाजवळच्या कोऱ्या पट्टीत. नंतरच्या प्रतींवर तिथे 'एडिशन टू' असं कोरलेलं दिसतं. ट्यूबलाइटखाली तबकडी तिरकी धरून ते वाचायचं. तेही जमलं नाही तर कान आहेतच: एल्विन जोन्सचा एकट्याचा ड्रम फक्त पहिल्या आवृत्तीत आहे.

आता गोव्याचं. इथल्या जुन्या घरांतून तबकड्या निघतात, पण कुठल्या? लाखेच्या ७८ आरपीएमच्या. फादो, मांडो, नाचाचे बँड. आमच्या ख्रिस्ती शेजाऱ्यांच्या मागच्या पिढीने चर्चच्या शाळेत सोल्फेज (पाश्चात्य स्वरलिपी वाचून गाणं) गिरवलं, मुंबईच्या हॉटेलांत स्विंग वाजवलं आणि मग हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदांत आयुष्य काढलं. हळदोण्याचा चिक चॉकलेट काय, माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस काय. जाझ आपल्याकडे होता, भरपूर होता, पण तो पायांना नाचवणारा होता. ब्रॉट्झमनवर कोणी लग्नात नाचणार नाही. (नाचलाच तर मला बोलवा.)

तर प्रश्न तीन. गोव्यात आणखी कोणाकडे असला माल आहे? पावसाळ्यात काय करता? आणि मूळ छपाई की नवी?

खाजें

वाखूसाई (वाचनखूण साठवली आहे). पर्वरीत राहतो, माझ्याकडे या जातीच्या फार नाहीत, पण सगळ्या नव्या छपाईच्या. मूळ प्रतींच्या वाटेला जात नाही. आयलरच्या 'स्पिरिच्युअल युनिटी'ची पहिली छपाई परदेशातून मागवायची म्हणजे वर टपाल आणि जकात. पार्सल हातात येईपर्यंत स्कूटरचा हप्ता गेलेला असतो.

डॉल्फीची 'आउट टू लंच' ब्लू नोट कंपनीने २०२१ मध्ये पुन्हा काढली. छपाई सुरेख आहे. मूळ प्रत कोणाची तरी सिगरेट आणि कोणाचा तरी ओरखडा घेऊन येते, ही कोरी येते. संगीत तेच ना?

मांडवीकाठ

@खाजें: संगीत तेच, शंभर टक्के. मीही नव्या घेतो. फक्त नवी घेताना एक बघा. युरोपातल्या कायद्याप्रमाणे १९६३ पूर्वी प्रसिद्ध झालेली ध्वनिमुद्रणं तिथे हक्कमुक्त आहेत. त्यामुळे 'फ्री जाझ'सारखी १९६१ची तबकडी कोणीही छापू शकतो आणि छापतोही, बऱ्याचदा सीडीवरून. कायद्याने सगळं ठीक, पण मूळ टेप कुठली याचा कव्हरवर चकार शब्द नसतो. जिथे टेपचा आणि मास्टरिंग करणाऱ्याचा उल्लेख नाही ती स्वस्तात मिळाली तर घ्या, महाग घेऊ नका. 'असेन्शन' १९६६ची, तिला ही पळवाट लागू नाही.

आणि 'फ्री जाझ'ची मोनो प्रत (दोन्ही स्पीकरांत एकच आवाज) कोणी कौतुकाने गळ्यात मारत असेल तर नको म्हणा. दोन चौकड्यांची सगळी गंमतच जाते.

अनवट

मी फोंड्याचा. मंगेशी-म्हार्दोळच्या परिसरात वाढलो, भजन आणि नाट्यसंगीत यावरच कान तयार झाले. धागा वाचून मुद्दाम 'असेन्शन' ऐकायला बसलो. बारा मिनिटं टिकलो. बायको स्वयंपाकघरातून विचारायला आली, कोणाचं काय बिनसलंय म्हणून.

थट्टा सोडा, शंका खरी आहे. आपल्याकडे मोकळीक आहेच, पण ती रागाच्या चौकटीत. केसरबाईंची तान कुठेही गेली तरी समेवर येणार हे ठाऊक असतं, म्हणून तर जीव टांगणीला लागतो. इथे चौकटच नाही, तर मग मोकळं झालो ते कशापासून?

सुरंगी

@अनवट बाब: चौकट आहे, पण ती कोणी आधी सांगत नाही. 'फ्री जाझ'मध्ये प्रत्येकाची पाळी ठरलेली आहे. पाळी बदलताना सगळे मिळून लिहिलेला एक छोटा तुकडा वाजवतात. त्याखाली दोन्ही ड्रम नीट चालतायत, लय कुठेही मोडत नाही. मोडलंय ते स्वरसंगतीचं वेळापत्रक. सेसिल टेलरच्या 'युनिट स्ट्रक्चर्स'मध्ये (१९६६) तर रचना इतकी घट्ट आहे की तीनदा ऐकल्याशिवाय शिवण दिसत नाही. तो वादकांना कागद देण्यापेक्षा पियानोवर वाजवून दाखवायचा, त्यांनी ते कानाने उचलायचं. आपल्या गुरूसमोरच्या तालमीहून हे फार वेगळं आहे का?

आणि तुम्ही शिगम्याला पणजीत उभे राहता की नाही? दोन गावांची रोमटां पुढे-मागे चालत असतात. एक मेळ थांबला आणि मागचा येऊन भिडला की काही मिनिटं दोन्हींचे ढोल, ताशे, कांसाळीं (झांजा) एकात एक शिरतात. कोणी कोणाचा ठेका सोडत नाही. मध्ये उभं राहिलं की आधी गोंधळ वाटतो, मग कान एकदा याच्या मागे जातो, एकदा त्याच्या. 'असेन्शन' तशी ऐका. बारा नाही, चाळीस मिनिटं. आणि बायकोला बाजारात पाठवून.

खाजें

@सुरंगी: खिक्! शेवटचं वाक्य लाख मोलाचं.

अनवट

बाजारात मलाच जावं लागतं. पण रोमटाचं पटलं. पुन्हा बसतो.

गालजीबाग

काणकोणहून. ज्यांना एकदम खोल पाण्यात उतरायचं नाही त्यांच्यासाठी आपल्या मातीशी नातं असलेला एक दरवाजा आहे. जो हॅरियट हा जमैकात जन्मलेला, लंडनला स्थायिक झालेला आल्टो सॅक्सोफोनवाला. कोलमनच्या सुमारालाच, पण आपल्या वाटेने, तो 'फ्री फॉर्म'पर्यंत पोचला. त्या नावाची त्याची तबकडीच आहे, १९६०ची मुद्रित. पुढे कलकत्त्यात जन्मलेल्या जॉन मेयरबरोबर त्याने 'इंडो-जाझ स्वीट' केली, १९६६. त्यात सतारीला दिवाण मोतीहार, तबल्याला केशव साठे, आणि तंबोऱ्याला चंद्रहास पैगणकर. पैंगीण हे आमच्याकडचंच गाव, त्यामुळे हे आडनाव वाचून आम्हा काणकोणवाल्यांचे कान टवकारले नाहीत तरच नवल.

साठे आणि मोतीहार १९६७ मध्ये जर्मनीत 'जाझ मीट्स इंडिया'वर पुन्हा भेटतात. तिथे पियानोवर स्वित्झर्लंडची इरेन श्वायत्सर आणि ट्रंपेटवर मानफ्रेड शोफ, म्हणजे युरोपियन फ्री जाझची पहिली फळी. आपला मुंबईचा साठे या लोकांच्या मध्ये बसून तीनताल धरतो आणि ते त्याच्या अंगावरून धावत जातात. मोतीहारांची सतार कुठेही कावरीबावरी होत नाही.

आणि सगळ्यात जवळचा माणूस म्हणजे आमान्सियो डिसिल्वा. मुंबईत जन्मलेला गोंयकार गिटारवाला, नंतर लंडनला गेला. १९६९ मध्ये हॅरियटबरोबर 'हम दोनो' केली. त्यात 'बॅलड फॉर गोवा' नावाचा तुकडा आहे. पूर्ण फ्री म्हणता येणार नाही, पण गिटारची वळणं ऐकताना हा माणूस कुठल्या घरात वाढला ते कळतं. त्याचं 'कोंकण डान्स' १९७२ला मुद्रित झालं आणि २००६ पर्यंत डब्यात पडून होतं. तेव्हा तो हयात नव्हता.

'हम दोनो'ची मूळ प्रत परवडणारी नाही. मी लिलावात बघतो आणि खिडकी बंद करतो.

मांडवीकाठ

@गालजीबाग: प्रतिसाद नव्हे, स्वतंत्र धागा आहे हा. 'बॅलड फॉर गोवा' थेट काळजात जातं.

शंखासुर

माझी अडचण जाझची नाही, यंत्राची आहे, पण या धाग्यावर जाणकार दिसतात म्हणून विचारतो. न्यू जर्सीच्या आत्याने तिचा सत्तरच्या दशकातला टर्नटेबल दिला. इथे एकशेदहा व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर लावून चालवतो. धागा वाचून आयलरची 'स्पिरिच्युअल युनिटी' मागवली. सगळे म्हणतात की हा माणूस किंचाळतो. माझ्याकडे तर तो खर्जात रडतोय. लय संथ, एकदम मयतीची. आवडलं, पण काहीतरी खटकतंय.

कुळागर

@शंखासुर: पहिली बाजू लावा आणि घड्याळ बघा. तिच्यावर दोनच तुकडे आहेत, मिळून साडेबारा मिनिटं. तुमच्याकडे पंधरा लागतायत का?

शंखासुर

अगदी पंधरा!! तुम्ही खोलीत कॅमेरा लावलाय का?

कुळागर

ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, वारंवारता बदलत नाही. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झ, आपल्याकडे ५०. त्या काळच्या बऱ्याच टर्नटेबलांची मोटर विजेच्या वारंवारतेवरच फेरे ठरवते. त्यामुळे ३३⅓ ऐवजी तबकडी २७.८ने फिरते आणि सूर साधारण तीन अर्धस्वर खाली येतात. आयलरचा टेनर सॅक्सोफोन तुमच्याकडे त्याहून खर्जातला बॅरिटोन होऊन बसलाय.

उपाय: मोटरच्या दांड्यावरची पितळी पुली ५० हर्ट्झची बदलून घ्या. ती व्यासाला थोडी मोठी असते. कंपनीची मिळाली नाही तर मापं देऊन लेथवर करून घ्या. मडगावात, वास्कोत जहाजाचं काम करणारे लेथवाले आहेत, त्यांना ही किरकोळ गोष्ट. माप मात्र काटेकोर द्या, केसभर चुकलं तरी कानाला लागतं. पट्टा जुना असेल तर तोही बदला.

आता मांडवीकाठ यांच्या दुसऱ्या प्रश्नाकडे. माझं घर सावईवेऱ्याच्या बाजूला, सुपारीच्या बागेत. जून ते सप्टेंबर भिंतीला हात लावला तर हात ओला होतो. चिऱ्याची भिंत पाणी धरून ठेवते, म्हणून कपाट बाहेरच्या भिंतीला कधीच टेकवायचं नाही. वीतभर अंतर ठेवायचं, मागून हवा खेळली पाहिजे. कपाटात पूर्वी आमची आजी शालूंसाठी झिरोचा दिवा जळत ठेवायची, तोच मी तबकड्यांसाठी ठेवतो, खालच्या फळीवर, तबकड्यांपासून दूर. डीह्युमिडिफायर परवडत असेल तर त्याहून उत्तम, पण आमच्याकडे पावसात वीज किती वेळ असते ते तुम्हाला माहीत आहे.

बुरशी व्हिनाइल खात नाही. ती कव्हरचा पुठ्ठा, आतला कागद आणि आपल्या बोटांचं तेल खाते. म्हणून कागदी आतलं पाकीट आधी काढायचं आणि पॉलिथीनचं अस्तर असलेलं घालायचं. जुन्या मऊ, चकचकीत पीव्हीसीच्या पिशव्या तर तबकडीवर धुक्यासारखा डाग पाडतात, तो पुन्हा जात नाही. बाहेरची प्लास्टिकची पिशवी ठेवायची तर तोंड उघडं. आतली ओल बाहेर पडली पाहिजे.

धुण्यासाठी डिस्टिल्ड वॉटर, त्यात चौथा हिस्सा आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि भांडी धुण्याच्या बिनवासाच्या द्रवाचा एखादा थेंब. मऊ ब्रशने खाचांच्या दिशेने गोल फिरवायचं, लेबल कोरडं ठेवायचं, मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने पुन्हा धुवायचं. नळाचं पाणी नको, क्षार खाचांत बसतात.

आणि हे ठळक अक्षरांत समजा: लाखेच्या ७८ तबकड्यांना अल्कोहोल लावायचं नाही. लाख त्यात विरघळते. आजोबांचा मांडो फडक्यावर येईल.

सुरंगी

कुळागर यांच्या प्रतिसादाला +१००. एकच भर. तबकड्या उभ्या ठेवा, आडव्या रचू नका. आणि गाडीत विसरू नका. मे महिन्यात मिरामारला उभ्या केलेल्या बंद गाडीत तासाभरात एलपीची पापडी होते.

अनवट

परत ऐकली. या वेळी पूर्ण. आवडली म्हणणार नाही, पण शेवटी शेवटी दोन बास ऐकू यायला लागले, जे पहिल्या वेळी नव्हतेच जणू.

एक विचारतो. याच कोल्ट्रेनच्या 'ओम'मध्ये गीता म्हणतात असं वाचलं, ते खरं का?

मांडवीकाठ

खरं. ऑक्टोबर १९६५ची, प्रसिद्ध झाली १९६८ मध्ये, तो गेल्यावर. सुरुवातीला आणि शेवटी वादक एकत्र इंग्रजीत म्हणतात ते नवव्या अध्यायातलं आहे, 'मीच यज्ञ, मीच तूप, मीच अग्नी' हा भाग. आपल्याकडची पाठांतराची लय मनात धरून ऐकलंत तर दचकाल. पठण म्हणून ते कच्चंच आहे. पण त्यानंतर सॅक्सोफोन जे करतात ते कच्चं नाही. कोल्ट्रेनच्या चाहत्यांतही या तबकडीवरून वाद होतात. मी वर्षातून फार तर एकदा लावतो.

सोपी वाट हवी असेल तर अॅलिस कोल्ट्रेनची 'जर्नी इन सच्चिदानंद' (१९७१). तंबोरा, हार्प आणि फॅरो सँडर्स. ही वहिनींनाही चालेल.

तारवटी

धागा मुलाने दाखवला. टंकायला वेळ लागतो, सांभाळून घ्या.

मी जहाजावर होतो, इंजिनरूमला. सत्तरच्या दशकात रॉटरडॅम, ब्रेमेन, हॅम्बुर्ग हे आमचे नेहमीचे धक्के. बाकीचे ट्रान्झिस्टर आणि परफ्यूम घ्यायचे, मी रेकॉर्डी. सुरुवात जिम रीव्ज आणि नाचाच्या बँडांनीच झाली, खोटं कशाला सांगू. रॉटरडॅमच्या एका दुकानात दाढीवाला मालक होता. तो मला दर वेळी एक रेकॉर्ड जास्तीची द्यायचा आणि म्हणायचा, नाही आवडली तर पुढच्या फेरीत परत आण. त्यातल्या काही आयसीपीच्या होत्या, मिशा मेंगेलबर्ग आणि हान बेनिंकची मंडळी. ही कंपनी वादकांनीच १९६७ला काढलेली. कव्हरवरची चित्रं, अक्षरं बेनिंकच्या हातची. मला वाटलं कोणा पोराने रंगवलंय.

ब्रेमेनला घेतली ती ब्रॉट्झमनची 'मशीन गन'. ती ब्रेमेनमध्येच मे १९६८ला वाजवलेली, आठ जण. पहिल्यांदा त्याने स्वतःच तीनशे प्रती काढल्या होत्या. माझी ती नव्हे, नंतर एफएमपी या जर्मन कंपनीने काढली ती. आमच्या केबिनमध्ये लावली तर थर्ड इंजिनिअर धावत आला, बेअरिंग गेलं समजून. शपथेवर सांगतो. पण इंजिनरूममध्ये बारा-बारा तास काढणाऱ्याला त्या आवाजाची भीती वाटत नाही. त्यात ताल शोधायची सवय लागलेली असते. कुठला सिलिंडर चुकतोय ते आम्ही कानानेच ओळखायचो.

गावी आणल्यावर कोणी ऐकून घेतलं नाही. आमचे वडील हार्मोनियम वाजवायचे, नाटकाला साथ करायचे. ते एकदा पूर्ण बाजू ऐकत बसले आणि म्हणाले, 'माणसां घामेजल्यांत, फट करिनात.' फसवत नाहीत, म्हणजे. मी ते प्रमाणपत्र समजलो.

रेकॉर्डी अजून आहेत. माळ्यावर नाहीत, हॉलमध्ये आहेत. थोड्या वाळवीने खाल्ल्या, म्हणजे कव्हरं. तबकड्या वाजतात.

गालजीबाग

तारवटी काका, दंडवत.

खाजें

आयसीपीच्या!! बेनिंकच्या हातच्या कव्हरांसकट!! काका, फोटो टाका हो. आणि कव्हरांना वाळवी लागली असेल तर दुरुस्त करून देणारा शोधू, पुठ्ठा बदलू नका. यात कव्हर म्हणजे अर्धी कलाकृती असते. सन राच्या सॅटर्न कंपनीची कित्येक कव्हरं त्याच्या वादकांनी हाताने रंगवलेली, दोन प्रती सारख्या निघत नाहीत.

(वर 'संगीत तेच ना' म्हणणारा मीच, ठाऊक आहे. आयसीपीची गोष्ट वेगळी.)

मांडवीकाठ

@खाजें: वेगळी कशी ते मी विचारणार नाही, आज खुशीत आहे.

@तारवटी: काका, तुमच्या वडिलांनी एका वाक्यात जे सांगितलं ते मला वरच्या सगळ्या परिच्छेदांत सांगता आलं नाही. वाळवीचं बघू. कपाटाचे पाय जमिनीवर थेट नको, आणि कव्हरं उन्हात ठेवू नका, रंग उडतो. सावलीत, वाऱ्यावर. औषध फवारायचं तर तबकड्या दुसऱ्या खोलीत नेऊन.

शंखासुर

पुली झाली. वास्कोच्या लेथवाल्याने तासात करून दिली, पैसे चहाचे घेतले. पहिली बाजू आता साडेबारा मिनिटांत संपते. आयलर किंचाळतोय. बाजूच्या फ्लॅटमधून भिंतीवर दोनदा वाजवलं, एकदम आयलरच्या ड्रमवाल्या सनी मरेच्या ठेक्यात.

खरं सांगू का, मयतीवालाही वाईट नव्हता. जुनी पुली ठेवून दिलीय.

अनवट

@तारवटी: वडिलांनी नाटकाला साथ केली म्हणता, कुठल्या मंडळींबरोबर? आमच्याकडे यायचे का म्हार्दोळला?

तारवटी

म्हार्दोळला नक्की यायचे, जत्रेला. नाटकं रात्रभर. पेटी डोक्यावर घेऊन चालत.

सुरंगी

एक सुचवू? पाऊस सरला की कोणाच्या तरी घरी बसूया. प्रत्येकाने एकच तबकडी आणायची, एकच बाजू लावायची, मध्ये कोणी बोलायचं नाही. अनवट बाबांनी हवी तर केसरबाई आणावी. यंत्र शंखासुर यांचं नको.

शंखासुर

का हो!

कुळागर

माझ्याकडे या. शेजार नाही, नुसत्या सुपाऱ्या. वीज गेली तर इन्व्हर्टर आहे, पण त्यावर मोटर गुरगुरते, आधीच सांगतो. जेवण घरचं.

खाजें

मी येतोच. तारवटी काका, 'मशीन गन' आणाल ना? आणि सहज विचारतो, विकायचा विचार कधी केलाय का? योग्य किंमत देईन.

तारवटी

आणीन. विकायची नाही. रॉटरडॅमवाल्या दाढीवाल्याने सांगितलं होतं तसंच तुला सांगतो, घेऊन जा, नाही आवडली तर परत आण. आवडली तरी परत आण.